विंडोज अपडेट दर महिन्याला अडकतंय? आधी घड्याळ बघा

लालबागला मामांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. चाळीच्या तळमजल्यावरचा गाळा, आत स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल, एक लेझर प्रिंटर, कागदाच्या थप्प्या आणि कोपऱ्यात विंडोज १० वर चालणारा एक कॉम्प्युटर. छपाईचं खातं मामांकडे, कॉम्प्युटरचं माझ्याकडे. मोबदला म्हणून रविवारी चहा आणि गरम कांदाभजी.

सात-आठ महिने मामांचा फोन ठरलेला होता. महिन्याचा मध्य आला की, “अरे, ते अपडेट परत अडकलं बघ. डाउनलोड एरर म्हणतंय.” मी रविवारी जायचो, तासभर खटपट करायचो, अपडेट उतरायचं, इन्स्टॉल व्हायचं, मशीन रीस्टार्ट व्हायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच फोन, तीच भजी. एकदा मामा म्हणाले, “तुला यायला निमित्त म्हणून तूच काहीतरी करून ठेवतोस की काय?” हसण्यावारी नेलं, पण मनाला लागलं.

हे सविस्तर लिहायचं कारण असं की या काळात मी जो उपाय करत होतो, आणि चार जणांना छातीठोकपणे सांगतही होतो, त्याचा या दोषाशी काडीचा संबंध नव्हता.

तो उपाय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केला असेल. स्टार्टमध्ये ‘सर्व्हिसेस’ शोधून उघडायचं. यादीतल्या ‘विंडोज अपडेट’ आणि ‘बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस’ या दोन सेवा राइट क्लिक करून थांबवायच्या. मग सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरच्या आत ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन’ असं सलग नाव असलेलं फोल्डर असतं, त्याच्या नावाला ‘ओल्ड’ जोडायचं. दोन्ही सेवा परत सुरू करायच्या. विंडोज ते फोल्डर नव्याने बनवतं आणि डाउनलोड पहिल्यापासून सुरू करतं. एखादी फाइल अर्धवट किंवा खराब उतरली असेल तर हा उपाय खरोखर गुण देतो, त्याला मी नावं ठेवत नाही. मामांकडे मात्र तसं काहीच नव्हतं.

उलगडा झाला तो चुकून. एका रविवारी मी एरर कोड शोधायला ब्राउझर उघडला. ब्राउझरने पान दाखवायला नकार दिला: तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे आहे. मी खालच्या कोपऱ्यात जाऊन तारीख दुरुस्त केली. हे मी दर वेळी करायचो, पण दारात चप्पल काढावी तितक्या नकळत. जुनं मशीन आहे, घड्याळ चुकतं, चालायचंच. तारीख नीट केली, अपडेटच्या पानावर ‘रिट्राय’ दाबलं आणि सर्व्हिसेस उघडणार इतक्यात मामांनी हाक मारली. पत्रिकेच्या मजकुरात ‘आमचे येथे’ की ‘आमच्या येथे’ यावरून एक गिऱ्हाईक हटून बसलं होतं. वीस मिनिटांनी परत येऊन बघतो तर डाउनलोड ६० टक्क्यांवर. फोल्डरला मी बोटही लावलं नव्हतं.

म्हणजे इतके महिने काम करत होतं ते तारीख दुरुस्त करणं, आणि श्रेय जात होतं फोल्डरला.

कारण सरळ आहे. अपडेट मागताना विंडोज आधी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं ओळखपत्र, तपासतं. त्या सर्टिफिकेटवर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरच्या मते आज २०१५ साल असेल, तर आताचं सर्टिफिकेट त्याच्या लेखी अजून जन्मलेलंच नसतं. तो सर्व्हरवर विश्वास ठेवत नाही, सुरक्षित जोडणी होत नाही आणि डाउनलोड सुरूच होत नाही. एरर कोड नीट वाचला असता तर पहिल्याच महिन्यात हे कळलं असतं. त्याची शेवटची चार अक्षरं होती २एफ८एफ, आणि तो कोड बहुतेक वेळा चुकलेल्या तारखेचा असतो.

मग प्रश्न उरला, तारीख दर वेळी का चुकते?

ब्राउझरने दाखवलेली चुकीची तारीख माझ्या लक्षात राहिली होती: ६ जानेवारी २०१५. लक्षात राहायचं कारण, ६ जानेवारी म्हणजे पत्रकार दिन, १८३२ साली याच मुंबईत ‘दर्पण’ सुरू झालं तो दिवस. छपाईवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ती तारीख ओळखीची वाटणारच. आता हिशोब करा. घड्याळ कोरं झालं की या मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या मुख्य पाटीवर, ते १ जानेवारी २०१५ पासून चालू होतं. आज रविवारी ६ तारीख दाखवतंय. बोटांवर मागे मोजत गेलो: शनिवार ५, शुक्रवार ४, गुरुवार ३, बुधवार २, मंगळवार १. मंगळवारी सकाळी घड्याळ शून्यावर आलं होतं.

दुकानाला सोमवारची सुट्टी असते. आणि दुकान बंद करताना मामा मेन स्विच पाडतात. एकही दिवस न चुकता. चाळीतलं जुनं वायरिंग, आत कागद आणि शाईचे डबे. शॉर्टसर्किटची भीती त्यांना आहे आणि ती रास्त आहे. लालबाग-परळमध्ये अर्धेअधिक दुकानदार हेच करतात.

कॉम्प्युटर नुसता शट डाउन केलेला असला पण भिंतीवरचा स्विच चालू असला, तर पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ त्यावर चालतं. मेन पाडला की घड्याळाला आधार फक्त मदरबोर्डवरच्या बटणासारख्या सेलचा. रविवारी रात्री ते मंगळवारी सकाळ म्हणजे सुमारे छत्तीस तास. रोजचे बारा तास तो दमलेला सेल कसेबसे काढत होता, छत्तीस तासांत मान टाकत होता.

तुम्ही म्हणाल, विंडोज वेळ आपोआप जुळवतं ना इंटरनेटवरून? जुळवतं, पण त्याला मर्यादा आहे. घरगुती मशीनवर मूळ सेटिंगनुसार पंधरा तासांपेक्षा जास्त फरक दिसला तर वेळ जुळवणारी सेवा तो फरक स्वीकारत नाही. पाच-दहा मिनिटं मागे असलेलं घड्याळ ती गुपचूप पुढे करेल. दहा वर्षं मागे गेलेलं घड्याळ बघून ती हात वर करते.

आता तुम्हाला वाटेल, तारीख दहा वर्षं मागे आणि दुकानात कुणाच्या लक्षात आलं नाही? नाही आलं. भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात कोण बघतो. बिलं हाताने लिहायची, गिऱ्हाइकांचे फोटो फोनवर यायचे आणि केबल लावून कॉम्प्युटरवर घ्यायचे. इंटरनेटशी त्या मशीनचा संबंध फक्त अपडेटपुरता.

आणि ‘दर महिन्याला’ हा प्रकार तर माझाच उद्योग निघाला. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट सोडतं, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात. म्हणून मीच मामांना सांगून ठेवलं होतं, दुसऱ्या मंगळवारनंतर बुधवारी एकदा बघत जा. मामांनी कालनिर्णयावर प्रत्येक महिन्याच्या त्या बुधवारभोवती लाल गोल काढून ठेवले. ते महिन्यातून एकदाच बघायचे, म्हणून दोष महिन्यातून एकदाच दिसायचा. खरं तर तो दर मंगळवारी सकाळी नव्याने जन्म घेत होता. मी रविवारी तारीख लावायचो, सोमवारी सुट्टी, मंगळवारी पुन्हा २०१५. अपडेट हिस्टरी उघडली तेव्हा खात्री पटली. व्हायरसविरोधी डिफेंडरच्या व्याख्या खरं तर रोज उतरायला हव्यात, तर त्यांची शेवटची यशस्वी नोंद महिन्यापूर्वीच्या रविवारची, मी आलो होतो त्या दिवसाची. मधे शुकशुकाट. हे आधी का दिसलं नाही? कारण माझ्या त्या फोल्डरच्या उपायात अपडेट हिस्टरीचं पान कोरं होतं. पुरावा मीच दर महिन्याला पुसत होतो.

तो सेल बदलायचा कसा, ते नीट सांगतो, कारण घाई केली तर नवं दुखणं ओढवतं.

सेलचं नाव सीआर २०३२. आकडे म्हणजे मापच आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. कुठल्याही इलेक्ट्रिकच्या किंवा घड्याळाच्या दुकानात मिळतो, एक वडापाव आणि कटिंगच्या आसपास भागतं. मशीन उघडण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढा. ही पायरी गाळू नका. सेल काढला की काही मदरबोर्ड आपली सगळी सेटिंग्ज विसरतात, आणि ऑफिसांनी लॉटने विकलेल्या जुन्या डेस्कटॉपवर हार्ड डिस्क कशा पद्धतीने जोडायची हे सेटिंग मूळ अवस्थेत गेलं की विंडोज सुरूच होत नाही. तेव्हा फोटो बघून ते पूर्ववत करावं लागतं. मशीनवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, कारण बायोसमध्ये बदल झालेला दिसला की तो ती मागू शकतो.

मग शट डाउन, मागची वायर काढायची, पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरायचं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून घ्यायचा. सेलच्या कडेला छोटी पितळी जीभ असते, ती नखाने बाजूला केली की सेल उडून वर येतो. आमचा उडून थेट शाईच्या ट्रेमध्ये पडला. मल्टिमीटर लावला तर २.३ व्होल्ट. नवा सेल ३ च्या किंचित वर दाखवतो. नवा बसवताना अधिकची खूण, म्हणजे अक्षरं असलेली बाजू, वर. वायर जोडून बायोसमध्ये तारीख-वेळ लावायची, फोटोंशी सेटिंग्ज ताडून बघायची आणि मगच विंडोज सुरू करायचं.

विंडोजमध्ये गेल्यावर टाइम झोनही बघा. यादीत आपल्या ओळीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी नावं आहेत, त्यांच्या आधी अधिक ५:३०. काही मशीनवर तिथे अमेरिकेतला झोन असतो. मग इंटरनेटवरून बरोबर वेळ घेतली तरी घड्याळ भलतंच दिसतं, माणूस वैतागून ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ बंद करतो आणि हाताने काटे फिरवतो. मूळ दोष तसाच राहतो.

मामांना मेन स्विच चालू ठेवा असं मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. सेल दोन-तीन वर्षांनी बदलला की झालं. बसवल्याची तारीख कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवली आहे.

तुमच्याकडे कारण वेगळं असू शकतं. या प्रकरणानंतर आमच्या इमारतीतल्या आणि नात्यातल्या बऱ्याच जणांची मशीनं माझ्यासमोर आली, तेव्हा एक सवय लावून घेतली: स्क्रीनवरचं ‘डाउनलोड एरर’ हे वाक्य वाचायचं नाही, त्यामागचा कोड वाचायचा. कोड ८००७ ने सुरू होत असेल तर पुढची चार अक्षरं म्हणजे विंडोजचा नेहमीचा एरर क्रमांक, फक्त हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावरच्या मोजणीत लिहिलेला. ८००७००७० म्हणजे डिस्कवर जागा नाही. ८००७२ईई७ म्हणजे सर्व्हरचं नावच सापडलं नाही. ८००७२ईई२ म्हणजे सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही. ८००७०४२२ म्हणजे सेवा कुणीतरी बंद करून ठेवली आहे. ८०२४ ने सुरू होणारे कोड अपडेट यंत्रणेचे स्वतःचे. ८००एफ ने सुरू होणारे बहुतेक इन्स्टॉल होतानाचे, म्हणजे डाउनलोड तोवर झालेलं असतं आणि तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधताय.

जागेचं सांगायला नको. १२८ जीबीचा एसएसडी आणि त्यावर गणपतीपासूनचे व्हिडिओ, मग अपडेटने उतरायचं कुठे? सी ड्राइव्हवर १५-२० जीबी मोकळी ठेवा. ‘डिस्क क्लीनअप’ उघडून ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबलं की ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ दिसतं, जुन्या अपडेटचा बराच कचरा तिथे निघतो. फक्त यादीत ‘डाउनलोड्स’ हे नाव दिसलं, विंडोज १० च्या काही आवृत्त्यांत ते असतं, तर त्यापुढे टिक करू नका. तो कचरा नसून तुमचं डाउनलोड्स फोल्डर आहे. मामांकडे त्यात तीन पत्रिकांची पक्की प्रुफं होती आणि माझं बोट माउसवर होतं.

मीटर्ड कनेक्शनचा घोळ फोनच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्यांकडे दिसतो. कधीकाळी डेटा वाचवायला त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये कुणीतरी ‘मीटर्ड’ चालू केलेलं असतं आणि नंतर घरात ब्रॉडबँड येऊनही ते तसंच राहतं. विंडोज बिचारं तुमचे पैसे वाचवत बसतं. तिथे कोडही येत नाही, अपडेट नुसतं ताटकळत राहतं. त्याच धर्तीवर ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’च्या आत डाउनलोडच्या वेगाला घातलेली मर्यादाही एकदा बघून घ्या.

इंटरनेट केबलवाल्याचं असेल तर एक साधी परीक्षा करा. त्याची लाइन सोडून मशीन फोनच्या हॉटस्पॉटवर जोडा आणि पुन्हा प्रयत्न करा. उतरायला लागलं तर दोष लाइनचा किंवा राउटरचा, मशीनशी झटापट करू नका. नाव न सापडण्याचा कोड येत असेल तर राउटरमध्ये डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलून बघा, ८.८.८.८ किंवा १.१.१.१. छोटी पानं उघडतात पण मोठी फाइल मधेच थिजते, असं होत असेल आणि लाइनला युजरनेम-पासवर्ड टाकून लॉगिन करावं लागत असेल, तर राउटरमधला एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचं कमाल माप, १५०० च्या जागी १४९२ करून बघा. त्या प्रकारच्या जोडणीत प्रत्येक पाकिटातले आठ बाइट लॉगिनच्या वेष्टनात जातात. केबलवाल्याचा पोरगा ‘रीस्टार्ट मारा’ याच्या पलीकडे काही सांगणार नाही, म्हणून सांगून ठेवतो.

एक प्रकार मात्र मुंबईत इतका दिसतो की त्यावर थांबायला हवं. भाचीला कॉलेजसाठी लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड लॅपटॉप घेतला. ऑफिसं तीन-चार वर्षांनी मशीनं बदलतात, जुनी लॉटने विकली जातात, पुसूनपासून काचेच्या कपाटात मांडली जातात. किमतीच्या मानाने माल चांगला असतो. भाचीच्या लॅपटॉपवर सगळं चालायचं, अपडेट मात्र एकदाही नाही. घड्याळ बरोबर, जागा भरपूर, वायफाय ठणठणीत. अपडेटच्या पानावर वर बारीक अक्षरांत एक ओळ होती: ‘सम सेटिंग्ज आर मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’. बारावीतल्या पोरीची कसली आलीय ऑर्गनायझेशन?

मोठ्या ऑफिसांत प्रत्येक मशीन मायक्रोसॉफ्टकडून अपडेट घेत नाही. ऑफिसचा स्वतःचा एक सर्व्हर असतो, तो अपडेट आणून ठेवतो आणि बाकीची मशीनं त्याच्याकडे मागतात. त्या सर्व्हरचा पत्ता लॅपटॉपच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, लिहिलेला असतो. विकणाऱ्याने फाइली पुसल्या होत्या, विंडोज नव्याने टाकलं नव्हतं. त्यामुळे लॅपटॉप रोज त्या जुन्या ऑफिसच्या आतल्या सर्व्हरला हाक मारत होता, जो बाहेरून कुणालाच दिसत नाही. गिरणी बंद पडून वर्षं लोटली तरी भोंग्याच्या वेळेला उठून डबा शोधणारे म्हातारे आमच्या चाळीत मी पाहिले आहेत. तसंच काहीसं.

तपासायचं असेल तर रजिस्ट्री एडिटर उघडा. लोकल मशीनच्या शाखेत सॉफ्टवेअर, त्यात पॉलिसीज, त्यात मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज, मग विंडोजअपडेट. तिथे ‘डब्ल्यूयू सर्व्हर’ नावाची नोंद आणि तिच्यात अनोळखी पत्ता दिसला तर तोच चोर. त्याच्या पोटातल्या ‘एयू’ फोल्डरमध्ये ‘यूज डब्ल्यूयू सर्व्हर’ ही नोंद १ असते, ती ० केली आणि मशीन रीस्टार्ट केलं की विंडोज थेट मायक्रोसॉफ्टकडे जाऊ लागतं. हात लावण्याआधी राइट क्लिक करून ती शाखा एक्स्पोर्ट करून ठेवा. आणि लॅपटॉप तुमच्या चालू नोकरीतला असेल तर यातलं काहीही करू नका, ऑफिसच्या आयटीवाल्याला सांगा. माझं मत विचाराल तर लॉटमधल्या मशीनवर रजिस्ट्री चाळत बसण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून कोरं विंडोज टाकावं. आधीच्या मालकाने आत आणखी काय ठेवलंय, कोण शोधत बसणार? भाचीच्या लॅपटॉपवर शेवटी तेच केलं.

८००७०४२२ चा कोड आला तर बहुधा मशीन बसवून देणाऱ्यानेच ‘अपडेटने स्लो होतं’ म्हणून सेवा बंद केलेली असते. सर्व्हिसेसमध्ये विंडोज अपडेटच्या पुढे ‘डिसेबल्ड’ दिसेल, ते ‘मॅन्युअल’ करा. फुकटात विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करून देणारी जी सॉफ्टवेअरं फिरतात तीही हा उद्योग करतात, आणि मग तुम्ही मॅन्युअल केलेलं उद्या परत डिसेबल्ड दिसतं.

‘एसएफसी स्कॅननाउ’ आणि ‘डिसम’चा ‘रिस्टोअर हेल्थ’ हे कमांड टाइप करून करायचे दोन उपाय सगळीकडे सांगितले जातात. ते सिस्टिमच्या बिघडलेल्या फाइलींसाठी आहेत. त्यातला रिस्टोअर हेल्थ तर दुरुस्तीचा माल स्वतः विंडोज अपडेटकडूनच मागवतो. मूळ वाटच बंद असेल तर तोही रिकाम्या हाताने परत येतो आणि तुम्हाला वाटतं मशीनच गेलं.

काहीच जमत नसेल आणि अपडेट तर हवंच असेल, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून ‘मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग’ या साइटवर जा. अडकलेल्या अपडेटच्या नावात ‘केबी’ आणि पुढे सात आकडे असतात, तो क्रमांक शोधा, तुमच्या विंडोजची आवृत्ती आणि ६४ बिट हे जुळवून फाइल पेनड्राइव्हवर घ्या. आवृत्ती बघायला स्टार्टमध्ये ‘विनव्हर’ टाइप करा. मामांकडे पहिले दोन महिने हेच केलं असतं तरी माझे दोन रविवार वाचले असते.

“इतकी खटपट करून अपडेट नाही केलं तर काय बिघडतं?” हा मामांचा आवडता प्रश्न. मी त्यांना न्हावा शेवा बंदराची, म्हणजे जेएनपीटीची, आठवण देतो. जून २०१७ च्या शेवटी नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने जगभर मशीनं बंद पाडली तेव्हा जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचंही काम ठप्प झालं होतं. तो पसरायच्या ज्या वाटा वापरत होता, त्यांपैकी एक बंद करणारं अपडेट त्याच वर्षीच्या १४ मार्चला आलेलं होतं. मामांच्या गाळ्यावर कुणी कंटेनर उतरवत नाही हे मान्य, पण दहा वर्षांची पत्रिकांची डिझाइनं त्याच एका डिस्कवर आहेत.

विंडोज १० वापरणाऱ्यांनी एवढं मात्र बघा: अपडेट अडकलंय की येणंच थांबलंय? विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढची सुरक्षा अपडेट हवी असतील तर २२एच२ ही आवृत्ती लागते आणि अपडेटच्या पानावरून वेगळी नोंदणी करावी लागते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर तिला पैसे पडत नाहीत, आणि मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मामांचं मशीन इंटेलच्या सहाव्या पिढीचं, विंडोज ११ ला आठवी किंवा त्यापुढची लागते, त्यामुळे तो रस्ता बंद. नोंदणी करून टाकली आहे. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांचा सीझन सुरू होतो, तेव्हा दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. त्याच्या आत लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारायची आहे, आणि या वेळी मशीन घेताना पेनड्राइव्ह खिशात ठेवणार आहे.